पुणेरी पलटण : एका व्यावसायिक कबड्डी संघाची जडणघडण

महाराष्ट्रातील मैदानी खेळांचा गेल्या दशकभरातील इतिहास पाहता, गावोगावच्या मंडळांतून वाढलेल्या खेळाडूला पूर्णवेळ पगारी खेळाडू होण्याची खरी संधी सर्वप्रथम कबड्डीनेच दिली, असे म्हणावे लागते. बास्केटबॉलमध्येही तसा प्रयत्न झाला होता. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए प्रो बास्केटबॉल लीगमध्ये ‘पुणे पेशवाज’ आणि ‘मुंबई चॅलेंजर्स’ हे संघ उतरले, परंतु ती स्पर्धा २०१७ नंतर पुढे चालली नाही. २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झालेली प्रो कबड्डी लीग मात्र टिकली, आणि तिच्यात पहिल्या हंगामापासून असलेला ‘पुणेरी पलटण’ हा संघ पुण्याचा असला, तरी त्याच्या यशात नाशिकजवळच्या आडगावाचाही वाटा आहे.

कबड्डीला महाराष्ट्रात पाय रोवण्यासाठी बाहेरून काही आणावे लागले नाही. हुतूतू या नावाने खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापून प्रसिद्ध केले, आणि पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी तो देशभर नेला. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याला पदकाचे स्थान मिळाले. प्रो कबड्डीने या खेळाला मॅटवर, प्रखर दिव्यांखाली आणि दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात बसवले. प्रत्येक चढाईला तीस सेकंदांची मुदत आली. सलग दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे, अन्यथा बाद होणे, अशी सक्ती आली. आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना केलेल्या यशस्वी पकडीला, म्हणजे ‘सुपर टॅकल’ला, एक जादा गुण मिळू लागला. या नियमांमुळे वेळ काढत बसण्याची सोय संपली आणि संघरचनेला, विशेषतः कोपरारक्षकांच्या समन्वयाला, पूर्वी नव्हते एवढे महत्त्व आले.

पलटणीची सुरुवात मात्र निराशाजनक होती. पहिल्या दोन्ही हंगामांत संघ गुणतक्त्याच्या तळाशी राहिला. २०१६ मध्ये झालेल्या तिसऱ्या आणि चौथ्या हंगामांत, मनजीत छिल्लर याच्यासारखा अनुभवी अष्टपैलू संघात असताना, पलटणीने दोन्ही वेळा तिसरे स्थान मिळवले. पुढच्या काही वर्षांत मात्र कर्णधार आणि प्रमुख खेळाडू वारंवार बदलत गेले आणि अंतिम सामना दूरच राहिला. लिलावातून तयार नामवंत घेण्याचा मार्ग महाग असतो, आणि दर हंगामाला नव्याने बांधलेल्या संघात परस्परांच्या हालचालींचा अंदाज येण्याइतका सहवास घडत नाही, हे या काळाने दाखवून दिले.

खरा बदल आठव्या हंगामात घडला. नवोदित युवा खेळाडू या गटात, म्हणजे लिलावाबाहेर थेट करार करून, संघाने तरुणांना घेतले व सांभाळले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे याच वाटेने पुढे आले, आणि नाशिकच्या आडगावचा आकाश शिंदे हा चढाईपटूही याच पिढीचा. नवव्या हंगामात बी. सी. रमेश प्रशिक्षक झाले. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून देणाऱ्या या प्रशिक्षकाने तरुणांवर विश्वास कायम ठेवला. इराणच्या फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखाली संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला, परंतु इनामदार आणि गोयत हे दोघेही दुखापतीमुळे बाहेर असल्याने चढाईचा भार आकाश शिंदे आणि पंकज मोहिते यांच्यावर पडला, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने पलटणीला ३३-२९ असे हरवले. चार गुणांचा हा पराभव संघाच्या वाटचालीतील सर्वांत बोधप्रद प्रसंग मानला पाहिजे, कारण त्यानंतर व्यवस्थापनाने संघ मोडला नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ३३-२९ असे नमवून सुवर्णपदक पटकावले. विजयी भारतीय संघात अस्लम इनामदार व आकाश शिंदे होते, तर पराभूत इराणी संघात मोहम्मदरेझा शादलुई. अवघ्या काही दिवसांत झालेल्या दहाव्या हंगामाच्या लिलावात पलटणीने शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. एकाच महागड्या खरेदीवर संघ उभा राहत नाही, हा नियम येथेही लागू पडतो. परंतु घरी वाढवलेल्या चढाईपटूंच्या मागे एक जबरदस्त बचावपटू उभा राहिला, की त्या खरेदीचे मोल अनेक पटींनी वाढते. शादलुईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवून सर्व बचावपटूंत पहिले स्थान घेतले. अभिनेश नादराजन, गौरव खत्री आणि संकेत सावंत हे बचावात होते, आणि कर्णधार इनामदार हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

साखळी फेरीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकून, केवळ दोन गमावून आणि तीन बरोबरीत सोडवून पलटणीने ९६ गुणांसह अव्वल स्थान मिळवले. उपांत्य सामन्यात पाटणा पायरेट्सला ३७-२१ असे निष्प्रभ केल्यानंतर १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सशी गाठ पडली. हा सामना अखेरपर्यंत अटीतटीचा राहिला. पंकज मोहितेच्या एका चढाईत मिळालेल्या चार गुणांनी पारडे फिरले आणि २८-२५ अशा निसटत्या फरकाने पलटणीने पहिले विजेतेपद मिळवले. पहिल्या दोन हंगामांत तळाशी रेंगाळलेल्या संघाच्या या विजेत्या चमूत आडगावच्या चढाईपटूचे नाव होते.