शेवटच्या दोन हातांची गोष्ट

उसाचं बिल खात्यावर जमा झालं की वडगाव निंबाळकरसारख्या गावात एखाद्या घरी नवा टीव्ही येतो आणि तो जोडायला हाक मारली जाते ती इंजिनिअरिंगच्या पोराला! सोबत दुकानदाराने 'सोन्याचा मुलामा' दिलेली महागडी केबल गळ्यात मारलेली असते. ती खरंच लागते का, ते पाहू.

२००४ साली दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' सेवा सुरू झाली. छत्रीतून सिग्नल यायचा डिजिटल. पण बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-लाल-पांढरी वायर! पिवळीतून चित्र, पांढरीतून डावा आणि लालमधून उजवा आवाज, सगळं अॅनालॉग. म्हणजे आकाशातून नीट आलेलं चित्र शेवटच्या दोन हातांत पुसट व्हायचं.

डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय मानकाने हे अंतरही डिजिटल केलं. १९ पिनांच्या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. गणित करून बघा: १९२० × १०८० ठिपके, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. झाले जवळजवळ ३०० कोटी बिट! फोर-के टीव्हीला याच्या चौपट. म्हणून केबलवर 'हाय स्पीड' लिहिलंय की 'प्रीमियम हाय स्पीड', ते वाचायचं.

आता मुद्द्याचं. केबलमधून जातात ते शून्य आणि एक. टीव्हीला ते बरोबर ओळखता आले, तर दोनशेच्या आणि दोन हजारांच्या केबलचं चित्र तंतोतंत सारखंच. सिग्नल फारच खालावला तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. 'रंग जरा फिके' असा प्रकार नसतो. सोन्यामुळे गंज लागत नाही, एवढंच. लांबी मात्र महत्त्वाची. हॉलच्या प्रोजेक्टरसाठी पंधरा मीटर ओढायची असेल तर फायबरवाली एचडीएमआय घ्यावी. तिची टोकं ठरलेली असतात, उलटी लावली तर चालत नाही.

साउंडबारसाठी 'एआरसी' लिहिलेली एचडीएमआयची खाच वापरा. ती नसेल तर ऑप्टिकल, म्हणजेच तोशिबाने १९८३ साली आणलेली टॉसलिंक. तिच्यातून आवाज लाल प्रकाशाच्या रूपात जातो. विजेचा जोडच नसल्याने अर्थिंगची घरघर या वायरीतून येत नाही.

तेव्हा बारामतीला खरेदीला जाताना तीनच गोष्टी लिहून न्या: टीव्हीचं रिझोल्यूशन, मोजलेलं अंतर आणि मागच्या खाचांची नावं. वाचलेल्या पैशात चांगला स्पीकर बघा. तिथे मात्र पैशाचा फरक कानाला कळतो!