बाहुल्याकडे पाहणारा माणूस

धरमतरची खाडी ज्याच्या कडेने वाहते तो पेण तालुका मूर्तिकारांचा आहे. हमरापूर, जोहे आणि खुद्द पेण शहर येथील कारखान्यांत मूर्तीचे रंगकाम उरकल्यावर अगदी अखेरीस डोळ्यांची आखणी होते, आणि तेवढ्या चार रेषांनी, ओळीने मांडलेल्या त्या शेकडो आकृती एकाएकी आपल्याकडे पाहू लागल्याचा भास आत शिरणाऱ्या मनुष्यास झाल्यावाचून राहत नाही. अशा मुलुखात वाढलेल्या पोरांना निर्जीव देहात प्राण शिरतो ही कल्पना निराळी समजावून द्यावी लागत नसे. म्हणूनच की काय, महेश कोठारे यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ आमच्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवात व्हिडिओवर लागे, तेव्हा तात्या विंचू नावाचा तो बाहुला आमच्यापैकी कोणालाच अशक्य कोटीतला वाटला नाही.

कथानक सर्वश्रुत आहे. बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र हस्तगत केलेला एक कुख्यात गुन्हेगार पोलिसांच्या गोळीने मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला शब्दभ्रमकलेचा नाद असलेल्या लक्ष्याच्या हाती पडतो. आणि मग मनुष्यदेह परत मिळवण्यासाठी त्याला लक्ष्याच्याच शरीराची गरज लागते. कल्पनेचे मूळ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटात आहे, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु तिकडे बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो आणि येथे एका भाबड्या, बोलघेवड्या तरुणाच्या. हा फेरफार वरवर किरकोळ दिसला तरी सगळा चित्रपट त्यावर उभा आहे.

बाहुला घडवला आणि खेळवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांचा अर्धवटराव हा बाहुला १९१६ चा, म्हणजे बोलक्या बाहुल्यांची ही परंपरा घरातच दोन पिढ्यांची. रंगमंचावरील शब्दभ्रमकार आपले ओठ स्थिर ठेवून बोलतो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्यावाचून निघत नसल्यामुळे त्यांच्या जागी जिभेने काढलेले जवळचे ध्वनी तो अशा सफाईने योजतो की कानाला फरक उमगू नये, आणि प्रेक्षकाचा डोळा ज्याचे तोंड हलताना दिसते त्याच्याच पदरी तो आवाज टाकून मोकळा होतो. चित्रपटात या कसरतीची गरजच उरत नाही, कारण आवाज मागाहून भरता येतो. तात्या विंचूला मनुष्यरूप आणि वाणी या दोन्ही गोष्टी दिलीप प्रभावळकर यांनी दिल्या, आणि हात पाध्यांचा राहिला. बाहुला खेळवणारा कोठे आहे हे चौकटीबाहेर ठेवणे, एवढाच काय तो बंदोबस्त कॅमेऱ्याने करायचा असतो.

लहानपणी आम्ही बाहुल्यावरून दृष्टी हलवली नाही. प्रौढ वयात तोच चित्रपट पुन्हा पाहताना मी बाहुल्याऐवजी लक्ष्याचे काम करणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे पाहू लागलो, आणि इतकी वर्षे भीती नेमकी कोठून येत होती याचा उलगडा झाला. बाहुल्याचा चेहरा फारसे काही करू शकत नाही. जबडा उघडतो, मान वळते, डोळे फिरतात, आणि संपले. उरलेला सगळा ऐवज बेर्डे पुरवतात. त्यांची नजर त्या पुतळ्यावर ज्या अदबीने, संशयाने आणि शेवटी निखळ घबराटीने खिळते, त्या क्रमाने तो पुतळा आपल्या लेखी जिवंत होत जातो; आणि गंमत अशी की घाबरलेल्या लक्ष्याला आपण हसतो, पण ज्याला तो घाबरला त्याला हसण्याची आपली छाती होत नाही. चित्रपट हास्यपट आहे की भयपट, हा वाद त्यामुळे मला निरर्थक वाटतो. या कामाची तालीम त्यांना आधीच घडली होती: कोठारे यांच्याच १९९० च्या ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीतला चिमुकला गंगाराम त्यांनीच केला आणि त्याच्याशी बोलणारा नायकही तेच होते, म्हणजे समोर कोणीही नसताना कोणी असल्यासारखे पाहणे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. संशय असल्यास वाचकाने आवाज बंद करून एखादा प्रवेश पाहावा.

कारखान्यातील मूर्तीलाही घरी नेऊन प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत कोणी हात जोडत नाही. तोवर ती माल असते, तिचा दर ठरतो, ती टेम्पोत चढते. देवपण पाहणाऱ्याच्या भावाने येते. तात्याचे सैतानपणही तसेच लक्ष्याच्या भयाने आले, असे म्हटल्यास पाध्यांच्या कारागिरीला उणेपणा येत नाही, कारण इतके भय सोसणारा बाहुला घडवणे हेही येरागबाळ्याचे काम नव्हे.

१६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे गेले. २०१३ च्या जून महिन्यात ‘झपाटलेला २’ त्रिमिती तंत्रात आला, तेव्हा लक्ष्याच्या जागी त्याचा मुलगा होता, भूमिका आदिनाथ कोठारे यांची. बाहुला पूर्वीपेक्षा चपळ झाला होता, चष्मा लावलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर धावून येत होता, आवाजही प्रभावळकरांचाच होता. परंतु त्याच्याकडे पाहून थरकापणारा तो विशिष्ट चेहरा नव्हता, आणि मला तरी त्या बाहुल्याची भीती वाटली नाही. नायकाचा यात दोष नाही. देखण्या, धडधाकट तरुणाला आपण संकटातून सुटताना पाहायला बसतो. लक्ष्या सुटेल की नाही याची मात्र खात्री नसे.

आता तिसऱ्या भागाचा विषय निघाला आहे, आणि त्यात बेर्डे यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पडद्यावर आणण्याचा मनोदय कोठारे यांनी बोलून दाखवला आहे. मृत्युंजय मंत्राच्या कथेत हे घडावे यातला उपहास कोणाच्याही ध्यानात येईल. माझी शंका व्यवहाराची आहे. पहिल्या चित्रपटात एक बाहुला होता आणि त्याच्याकडे पाहणारा एक माणूस; या नव्या योजनेत लक्ष्याही चालवला जाणार, तर त्या दोघांकडे घाबरून पाहण्याचे काम कोणत्या नटाकडे सोपवायचे, याची निवड दिग्दर्शकाला यंत्रापूर्वी करावी लागेल.