स्टीम की फ्राय?

ऑफिस सुटलंय, पगार कालच झालाय आणि घरी दोडक्याची भाजी आहे. अशा संध्याकाळी बाइक कुठे वळते, हे सोलापूरकरांना सांगायला नको! जुळे सोलापूर असो की सात रस्ता, चार टेबलांचं छोटंसं ‘चायनीज’ जवळपास असतंच. पंखा कमी, धूर जास्त. पण मोठ्या आचेवर नूडल्स उडवणारा तो मुलगा म्हणजे फुकटचा शो.

आता मेनूकार्ड उघडा. मंचुरियन? ते मुंबईचं! नेल्सन वँग यांनी १९७५च्या सुमारास तिथेच जन्माला घातलेलं. शेजवान चटणीही आपलीच, लाल मिरची आणि लसणाची. मोमोज मात्र तिबेट-नेपाळकडून आले. इथेच खरी गडबड होते. कारण आपली ऑर्डर ठरलेली असते, ‘भैया, एक प्लेट फ्राय!’ स्टीम म्हणजे काहीतरी कच्चं, पेशंटचं खाणं, असा आपला समज. गिऱ्हाईक मागतच नाही म्हटल्यावर मालक तरी स्टीमर कशाला तापवत ठेवेल?

खरं तर उकडलेलं आपल्याला नवीन आहे का हो? नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, म्हणून आई पुरणाची दिंडं उकडते. ती आपण तूप ओतून हाणतोच ना? आणि हुलग्याची शेंगोळी म्हणजे तिखट रश्श्यातल्या हाताने वळलेल्या नूडल्सच की, बॉस!

सोलापूरचं चीनशी नातंही ट्रिपल राइसच्या कितीतरी आधीचं. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, अवघ्या ३२व्या वर्षी. त्यांनी शेवटची वर्षं काढली तो उत्तर चीन म्हणजे गहू-राळ्याचा मुलूख. भातापेक्षा नूडल्स आणि ‘च्याओत्झ’ जास्त. च्याओत्झ म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या करंज्या, बहुतेकदा उकळत्या पाण्यात शिजवलेल्या. उरल्याच, तर दुसऱ्या दिवशी तेलावर परततात. थोडक्यात, आपली फोडणीची पोळी!

तेव्हा या वीकेंडला फंडा सिंपल. आधी विचारा, स्टीमर चालू आहे का? नसेल तर दहा-बारा मिनिटं थांबा, गप्पा मारा. प्लेट आली की आवरण बघा. पातळ आणि ओलसर चकाकणारं हवं, आतली कोबी-गाजरं किंचित दिसायला हवीत. कडा सुकून कडक झाल्या असतील, तर मोमो केव्हाचा पडून आहे समजायचं. पहिला घास चटणीशिवाय घ्या. आतला गरम रस जिभेवर येतो, तो तळल्यावर बराचसा उडून जातो. सोबत हाका नूडल्सऐवजी सूपवाल्या नूडल्स सांगून बघा. तिखट कमी वाटलं, तर शेंगाचटणीची पुडी खिशात असू द्या. मोमोवर भुरभुरली की जाम भारी लागते. मालक बघत राहील, बघू दे!