पंतप्रतिनिधी, भवानराव श्रीनिवासराव

(२४ ऑक्टोबर १८६८–१३ एप्रिल १९५१). औंध संस्थानचे अधिपती, पौराणिक विषयांचे चित्रकार व कलासंग्राहक. ‘बाळासाहेब’ या नावाने विशेष परिचित. औंध (जि. सातारा) येथील पंतप्रतिनिधी घराण्यात जन्म. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेऊन ते बी. ए. झाले. १९०९ मध्ये ते गादीवर आले. त्यांच्या संस्थानात औंध व आटपाडी (जि. सांगली) यांसह विखुरलेली ७२ गावे होती. कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि १९३५ च्या इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणूनही ते प्रसिद्ध होते.

यूरोपीय कला-अकादमींत धर्मकथा, पुराणे व इतिहास यांतील प्रसंगांच्या चित्रणास सर्वश्रेष्ठ मानीत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीमध्ये पेटर फोन कोर्नेलिउस, व्हिल्हेल्म फोन काउलबाख आणि कार्ल फोन पिलोटी यांनी ही परंपरा जोमाने चालविली. अशा चित्रकाराने मूळ ग्रंथ वाचावेत, त्या काळची वेशभूषा व वास्तू यांची माहिती घ्यावी आणि मग प्रसंगाची मांडणी करावी, अशी अपेक्षा असे. भारतात राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी ही पद्धती पुराणकथांना लावली व त्यांच्या शिळाछापांमुळे ती घरोघर पोहोचली. तथापि रविवर्म्यांच्या पौराणिक नायिका बहुधा त्यांच्या स्वतःच्या काळातील लुगडी नेसलेल्या दिसतात. महाकाव्यांतील पात्रे कशी रंगवावीत व त्यांस आधार कोणता घ्यावा, हा प्रश्न त्यामुळे पुढील चित्रकारांपुढे उभा राहिला.

बाळासाहेबांच्या चित्रकार्याचे महत्त्व मुख्यतः या प्रश्नाशी निगडित आहे. त्यांचे *चित्ररामायण* १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास महाभारताची चिकित्सक व सचित्र आवृत्ती काढण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. १९१९ मध्ये कामास आरंभ झाला आणि विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या संपादनाखाली १९२७ मध्ये पहिला भाग निघाला. प्राचीन नमुन्यांवरून बाळासाहेबांनी चित्रे काढल्याचा निर्देश आवृत्तीच्या मुखपृष्ठावरच आहे. एकीकडे हस्तलिखिते ताडून पाहून शुद्ध पाठ ठरविला जात होता, तर दुसरीकडे प्राचीन कलावशेषांच्या आधारे त्याच ग्रंथातील पात्रांचा पेहराव ठरविण्याचा हा प्रयत्न होता. वेरूळ (१९२९) आणि अजिंठा (१९३२) येथील लेण्यांवर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांतही प्राचीन कलेचा हा व्यासंग दिसून येतो.

या पद्धतीला अंगभूत मर्यादा होती. अजिंठ्याची चित्रे इ. स. पू. दुसऱ्या ते इ. स. पाचव्या शतकापर्यंतची आहेत. त्यांतून त्या त्या शतकांतील वस्त्रे व अलंकार कळतात. रामायण-महाभारतातील घटनांच्या काळाचे पुरावे मिळत नाहीत. शिवाय पेहराव प्राचीन ठेवला, तरी छायाप्रकाश व यथादर्शन यांची रीत पाश्चात्त्य वास्तववादी चित्रणाची असल्यास चित्रात दोन भिन्न दृष्टी एकत्र येतात. म्हणून अशा चित्रांकडे इतिहासाचा पुरावा म्हणून न पाहता, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सुशिक्षित मराठी मनाने आपल्या प्राचीन वारशाचा केलेला अर्थ म्हणून पाहणे युक्त ठरते. अंगच्या कौशल्यात ते रविवर्मा किंवा महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या बरोबरीचे नव्हते. मात्र आधार शोधून मगच चित्र काढावे, हा त्यांचा आग्रह मोलाचा होता.

स्वतःच्या चित्रांइतकेच त्यांनी इतरांच्या कलेस महत्त्व दिले. १९३८ मध्ये औंध येथे टेकडीवर त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभारले. रविवर्मा, धुरंधर आदींची चित्रे, जुनी लघुचित्रे, हस्तिदंती व काष्ठ कलाकुसर आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक हे पाषाणशिल्प तेथे आहे. पुण्या-मुंबईपासून दूर असलेल्या खेड्यातील लोकांनाही उत्तम कलाकृती पाहावयास मिळाव्यात, ही सोय त्यामुळे झाली.

याच सुमारास महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानची सत्ता प्रजेकडे सोपविण्याचा निर्णय त्यांनी घेतला व १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अंमलात आली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. गादी संपली, तरी संग्रहालय टिकले व पुढे ते राज्य शासनाच्या ताब्यात गेले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती बाळासाहेबांच्या निधनानंतर १९६६ मध्ये पूर्ण झाली. चित्रकार म्हणून त्यांचे स्थान मर्यादित असले, तरी चित्रकला, ग्रंथसंशोधन आणि लोकशिक्षण यांचा मेळ घालणारे संस्थानिक म्हणून महाराष्ट्राच्या कलेतिहासात त्यांचे कार्य महत्त्वाचे ठरते.