वेष्टनावर नसलेली नावे

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्या विकणाऱ्या एका गृहस्थाने, मी घेतलेल्या तीन नाट्यगीतांच्या तबकड्यांवर जवळजवळ भर म्हणून, बॉब डिलनची ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका माझ्या पिशवीत टाकली, त्याला आता तीस वर्षे होतील. आणि या काळात तिच्या वेष्टनावरील मजकूर मी इतक्यांदा वाचला आहे की, त्यातला खोटेपणा ध्यानात यायला मला दहा वर्षे लागावीत, याचेच नवल वाटते. खोटेपणा हा शब्द कठोर झाला. शिळेपणा म्हणणे अधिक न्याय्य. वेष्टन छापून झाल्यावर तबकडीतले निम्मे संगीत बदलले आणि वेष्टन मात्र तसेच राहिले, एवढीच ती हकीकत. परंतु तिने मला पुरते झपाटले आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. १९४१ साली मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे जन्मलेला, हिबिंग या खाणींच्या गावी वाढलेला डिलन १९७४ च्या आरंभी ‘द बँड’ या वाद्यवृंदासह अमेरिकेचा दौरा करून आला, मधल्या काळात सोडलेल्या कोलंबिया कंपनीकडे परतला, आणि पत्नी सारा हिच्याशी बेबनाव होत असतानाच्या त्या उन्हाळ्यात मिनेसोटातील आपल्या शेतावर त्याने एका लाल वहीत ही गीते लिहिली. १९७७ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. या गीतांतून संसाराचा पंचनामा शोधण्याची रसिकांना फार हौस. मला ती नाही. कवीच्या घरातील भांड्यांचा आवाज ऐकण्यासाठी भिंतीला कान लावणे हा काव्यास्वाद नव्हे.

त्यापेक्षा नॉर्मन रेबेन या चित्रकाराकडे पाहावे. यिद्दिश कथाकार शोलेम अलैखेम यांचा हा पुत्र न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील आपल्या चित्रशाळेत शिकवीत असे, आणि १९७४ च्या वसंतात डिलन तेथे विद्यार्थी म्हणून जाऊन बसे. भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच पटावर एकाच वेळी कसे दिसावेत, हे आपण तेथे शिकलो, असे डिलनने पुढे सांगितले. आपल्याकडील लघुचित्रांत एकच नायक एकाच चौकटीत तीन ठिकाणी रंगविलेला असतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला ‘टँगल्ड अप इन ब्लू’ या गीतातील कालाची उलथापालथ मुळीच दुर्बोध वाटणार नाही.

ध्वनिमुद्रणास १६ सप्टेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क येथे, फिल रमोन यांच्या देखरेखीखाली प्रारंभ झाला. आणि जागाही अशी की, ए अँड आर कंपनीच्या ताब्यात येण्यापूर्वी त्याच दालनात डिलनच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका झाल्या होत्या. साथीला एरिक वाइसबर्ग आणि त्यांचा ‘डिलिव्हरन्स’ हा वाद्यवृंद होता. डिलनने गिटारीच्या तारा अशा लावल्या होत्या की, त्या मोकळ्या छेडल्या तरी तंबोऱ्याप्रमाणे आपसांत मिळून वाजाव्यात. त्यामुळे त्याची बोटे पाहून स्वर ओळखणे वादकांना कठीण, त्यात गीत एकदा नीट ऐकवावे एवढीही सवड तो देईना. त्याच्या कोटाच्या बाहीवरील बटणे गिटारीवर आपटत होती, तो खटखटाटही मुद्रित झाला. दुसऱ्या दिवशी त्या वृंदातील टोनी ब्राउन या बास वाजविणाऱ्याखेरीज बाकी सर्वांची जवळजवळ बरखास्तीच झाली. सप्टेंबरअखेर काम संपले, नमुन्याच्या तबकड्या निघाल्या, पत्रकार पीट हॅमिल यांच्या प्रस्तावनेसह वेष्टनेही छापली गेली.

डिसेंबरात डिलन मिनेसोटाला गेला आणि नमुन्याची तबकडी त्याने धाकटा भाऊ डेव्हिड झिमरमन यास ऐकविली. फारच उदास, रेडिओवर चालणार नाही, असा डेव्हिडचा अभिप्राय पडला, आणि मिनेआपोलिसच्या ‘साउंड ८०’ या स्टुडिओत पाच गीते नव्याने मुद्रित करण्याची तजवीज त्यानेच केली. येथून पुढची हकीकत मी कितीही वेळा सांगावी, आणि घरच्यांनी कितीही वेळा उठून जावे!

डिलनला जुन्या बनावटीची, लहान अंगाची मार्टिन गिटार हवी होती. डेव्हिडने केव्हिन ओडेगार्ड या तरुणास निरोप धाडला, जो गीते रची, गिटार वाजवी, आणि पोटासाठी रेल्वेत ब्रेकमनची नोकरी करी. त्याने डिंकीटाउन भागातील दुकानदार ख्रिस वेबर यास गाठले. वेबर गिटार घेऊन स्टुडिओत गेला तो केवळ पोचविण्यासाठी. परंतु डिलनने त्याला एका बाजूस नेऊन ‘इडियट विंड’ शिकविले आणि इतरांना शिकविण्याचे काम त्याच्याच गळ्यात घातले. ड्रमवर बिल बर्ग, बासवर बिली पीटरसन, कळफलकांवर ग्रेग इनहोफर आणि मँडोलिनवर पीटर ऑस्ट्रुश्को अशी ती मंडळी होती. २७ डिसेंबरला दोन गीते झाली, ३० डिसेंबरला तीन. या दुसऱ्या बैठकीत ‘टँगल्ड अप इन ब्लू’ कसे वाटते, असे डिलनने विचारले, तेव्हा चालण्यासारखे आहे, असे बोलून आपण क्षणभर गारठलो, हे ओडेगार्डने पुढे लिहिले आहे. त्याच्याच सूचनेवरून गीताची पट्टी जी वरून ए वर नेली, आणि गाणाऱ्याचा आवाज जरा ताणला जाताच गीतात जो प्राण आला, तो न्यूयॉर्कच्या मुद्रणात नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘इडियट विंड’बाबत मात्र न्यूयॉर्कचेच खरे, तेथे जो संताप गिळलेला आहे, तो मिनेआपोलिसमध्ये ओकलेला आहे.

२० जानेवारी १९७५ रोजी ध्वनिमुद्रिका बाजारात आली, ती छापून तयार असलेल्या वेष्टनांत. परिणामी, अंतिम दहा गीतांपैकी एकाच गीतात वाजविणाऱ्या वाइसबर्गच्या वृंदाचे नाव वेष्टनावर झळकले, आणि पाच गीते वाजविणाऱ्या सहा जणांचा मागमूसही नव्हता.

आपण यावर फार नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याकडील आरंभीच्या तबकड्यांत गायिका शेवटी स्वतःचे नाव पुकारी. पण तिच्यामागे सारंगी धरणाऱ्याचे नाव सहसा कोणी पुकारीत नसे.

ध्वनिमुद्रिका अमेरिकेत खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. समीक्षकांचे मात्र एकमत नव्हते. ‘रोलिंग स्टोन’मध्ये जॉन लँडाउ यांनी मुद्रणातील निष्काळजीपणावर बोट ठेवले, तर इंग्लंडात निक केंट यांना साथसंगत टाकाऊ वाटली. म्हणजे नावे छापली नव्हती, तरी बोल मात्र त्या सहा जणांनाही लागला. हॅमिल यांच्या प्रस्तावनेस पुढे ग्रॅमी पारितोषिक मिळाले; मधल्या काही आवृत्त्यांतून ती काढून तेथे चित्र छापले होते, ते हटवून प्रस्तावना पुन्हा छापण्यात आली. वेष्टन बदलता येत नव्हते असे नव्हे, हे यावरून कोणीही ताडावे. सहा नावांना कंपनीच्या छापील मजकुरात स्थान मिळाले ते २०१८ साली, ‘मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स’ या संचात.

गेल्या हिवाळ्यात मिनेआपोलिसला भाचीकडे मुक्काम होता, तेव्हा तिला हट्टाने पूर्व पंचविसाव्या रस्त्यावर गाडी न्यायला लावली. ‘साउंड ८०’ची ती वास्तू आज ऑरफिल्ड प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते, आणि ध्वनी शोषून घेणारी तिची एक खोली जगातील सर्वांत नीरव स्थळ म्हणून गिनीजच्या विक्रमांत नोंदली गेली होती. भिंतींवर वेलींच्या वाळक्या काड्या, पायाखाली बर्फ. “मामा, हे बघायला आणखी कुणी येतं का?” भाचीने कानटोपी सारखी करीत विचारले. मी म्हटले, “आपण आलोय ना.” थंडीने दहा मिनिटांत माघार घ्यावी लागली.

गाडीत बसल्यावर तिने त्या संचाची पुस्तिका उघडली आणि मला चष्मा काढावा लागू नये म्हणून वादकांची नावे मोठ्याने वाचू लागली. ऑस्ट्रुश्को हे नाव तिला नीट उच्चारता येईना, म्हणून तिने ते दोनदा वाचले.