शेजार चालेल, संसार नको

"एकाच पिंजऱ्यात राहतेत जी दोघं, काई होत नाई," असं म्हणत बाजारातल्या विक्रेत्याने पांढरा ससा आणि तपकिरी-पांढरा गिनीपिग एकाच खोक्यात घालून दिले. वर मूठभर हरभरा आणि एक गाजर टाकलं. मुलीला हवा होता ससा. तो एकटा कंटाळेल म्हणून गिनीपिग सोबतीला. जून महिना होता, पहिला पाऊस पडून गेला होता, आणि वर्ध्यातल्या आमच्या घरात दोन नवे जीव आले याचाच आनंद होता.

श्रावण लागेपर्यंत गिनीपिग कोपऱ्यातून हलेनासा झाला. ससा त्याच्या अंगावर हनुवटी घासायचा, कधी पाठीवर चढायचा, आणि आम्ही म्हणायचो, केवढी माया आहे बघा! एका सकाळी मुलीने त्याला उचललं, तर तो कळवळून ओरडला. केस राठ झाले होते, मागचे पाय फरफटत होते. डॉक्टरांनी हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, "खायला काय देता?" सशाला जे देतो तेच यालाही, असं मी सांगितलं. चूक तिथेच होती.

सशाचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. गिनीपिगचं करत नाही, माणसासारखंच. ते रोजच्या रोज बाहेरून मिळालं नाही तर दोन-तीन आठवड्यांत स्कर्व्ही होतो. सांधे दुखतात, हिरड्या सुजतात, जखम भरत नाही. ही गोष्ट प्रयोगशाळेत दिसून आली तीही गिनीपिगमुळेच. १९०७ साली नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोन संशोधक बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगांना नुसतं धान्य खाऊ घातलं, आणि बेरीबेरीऐवजी त्यांना स्कर्व्ही झाला. ताजा भाजीपाला दिला की तो टळायचा. आमच्या घरात नकळत तोच प्रयोग चालला होता: हरभरा, पोळीचे तुकडे, गाजर.

मोठ्या गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज दहा ते तीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. आजारी किंवा गाभण असेल तर त्याहून जास्त. डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांखेरीज आम्ही रोज ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबिरीच्या काड्या आणि पेरूचा लहानसा तुकडा सुरू केला. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर, पण साखरही असते, म्हणून तुकडा लहानच. कार्तिकात आवळे आले तेव्हा एक फोड करून पाहिली. त्याने वास घेतला, मान फिरवली, आणि दुसऱ्या दिवशी मात्र कुरतडली. पाण्यात गोळी विरघळवून ठेवण्याचा मोह टाळावा. हे जीवनसत्त्व पाण्यात लवकर नासतं, आणि चव बदलली तर प्राणी पाणीच पिणं सोडतो.

जीवनसत्त्वाचा प्रश्न असा सुटतो. सोबतीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

हे दोन प्राणी मुळात दोन मुलखांचे. आपला पाळीव ससा आयबेरियाच्या रानसशाचा वंशज. गिनीपिग दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथे तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळला, तोही खाण्यासाठी. स्पॅनिश लोक त्याला 'इंडीजचा छोटा ससा' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, म्हणजे हा घोळ आपल्या बाजारापुरता नाही. तिकडच्या केचुआ भाषेत मात्र त्याच्या आवाजावरूनच पडलेलं नाव आहे: कुई. फरक जन्मापासूनच दिसतो. सशीण महिनाभराने आंधळी, बिनकेसांची पिल्लं देते. गिनीपिगची पिल्लं दोन महिन्यांहून जास्त काळ पोटात राहून केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि पहिल्याच दिवशी आईमागे पळतात.

दोघांची बोलीही वेगळी. ससा जवळजवळ मुका. तो कानांनी, पाय आपटून आणि अंग चाटून बोलतो. डोकं खाली घालून बसला तर 'मला चाट' असं त्याचं मागणं असतं. गिनीपिगला एकमेकांना चाटायची सवय नाही. तो सतत आवाज करतो: घुरघुर, शिट्टी, दात वाजवणं. सशाच्या या मागणीचा त्याला अर्थ लागत नाही, आणि त्याच्या तक्रारीचा सशाला. ज्याला आम्ही माया म्हणत होतो, ती सशाची हद्द आखण्याची आणि वर चढण्याची धडपड होती.

वजनाचा फरक आहेच. गिनीपिग किलोभराचा, ससा दुप्पट-तिप्पट. सशाची मागच्या पायांची एक लाथ त्याच्या बरगड्या मोडायला पुरते, रागाने नव्हे तर नुसत्या दचकण्यानेही. त्याहून लपलेला धोका बोर्डेटेला जिवाणूचा. तो सशाच्या नाकात असतो आणि बहुतेकदा सशाला काही करत नाही. गिनीपिगला मात्र त्याच्यामुळे न्यूमोनिया होऊन तो दगावू शकतो.

म्हणून आता आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत, दोन्ही माद्या, आणि ससा जाळीपलीकडे. दुसरी आली त्या संध्याकाळी आमची जुनी, तीच आजारी पडलेली मादी, जी अडीच महिने जवळपास गप्प होती, ती घुरघुरत तिच्याभोवती फिरली. मग जागच्या जागी चारही पायांनी उडाली, मक्याची लाही फुटावी तशी. मुलगी मला हाका मारत राहिली, आणि मी स्वयंपाक सोडून तिथेच बसले. गिनीपिग एकटा ठेवू नये असं स्वित्झर्लंडमध्ये २००८पासून नियमातच आहे. मला त्याचं कारण त्या उडीत दिसलं. सशालाही सशाचीच सोबत हवी, पण नसबंदी करूनच, नाहीतर एक तर लढाई, नाहीतर महिन्याला वीण. त्यासाठी आपल्याला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. आमच्याकडे तो बेत अजून पुढचा आहे. तोवर संध्याकाळी ससा माणसांत असतो.

ज्यांच्याकडे अशी जोडी वर्षानुवर्षं एकत्र आहे, त्यांनी मात्र एका रात्रीत ताटातूट करू नये. गिनीपिग शिरेल पण ससा शिरणार नाही असं लहान तोंडाचं लपण द्यावं, खाणं वेगळं ठेवावं, मग दोघांनाही आपापल्या जातीचा जोडीदार देऊन सावकाश वेगळं करावं.

आपल्या जिल्ह्यात खरी कसोटी उन्हाळ्याची. दोघांनाही घाम येत नाही. ससा कानांतून थोडी उष्णता टाकतो, गिनीपिगचे कान तेवढे मोठे नाहीत. पारा तिशीजवळ गेला की दोघंही अडचणीत येतात, आणि वर्ध्यात मे महिन्यात तो पंचेचाळीसच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली, गच्चीवर किंवा गॅलरीत पिंजरा ठेवणं म्हणजे नवतपात त्यांना भट्टीत ठेवणं. सेवाग्रामच्या बापूकुटीत दुपारी बसलेल्यांना जाड मातीच्या भिंतींचा आणि खाली उतरलेल्या कवेलूंच्या छपराचा गारवा ठाऊक असेल. तसाच गारवा यांनाही लागतो. आम्ही पिंजरा आतल्या खोलीत जमिनीलगत ठेवतो, कुलरच्या थेट झोतापासून दूर. ओलसर राहणारं गवत रोज बदलतो. जुना माठ आडवा करून दिला की दोघी गिनीपिग त्यातच पडून असतात. सशासाठी पाण्याची गोठवलेली बाटली पंच्यात गुंडाळून ठेवतो. ऊन लागलंच तर अंगावर बर्फाचं पाणी ओतू नये; कानांना ओला हात लावावा आणि तडक डॉक्टरांकडे जावं.

खाण्याचा मोठा भाग म्हणजे गवत. दोघांचेही दात आयुष्यभर वाढतात, आणि ते झिजतात गवत चावूनच. गौळाऊ गायींच्या आपल्या आर्वी-कारंजा भागातलं मारवेल सुकवून ठेवलं तर बाहेरच्या पुडक्यांची गरज उरत नाही. कुसळी गवत मात्र नको. त्याची कुसळं तोंडात आणि डोळ्यांत रुततात. कपाशीच्या धुऱ्यावरचं गवत तर अजिबात नको. त्यावर कीटकनाशकाची फवारणी झालेली असते, आणि मूठभर जिवाला मूठभर विष पुरतं. लसूणघास पिल्लांना ठीक, पण मोठ्यांना रोज नको, कारण त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात.

आणखी एक. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या शेतात सापडलेली सशाची पिल्लं घरी आणू नका. मराठीत पाळीव आणि रानातल्या दोघांनाही ससाच म्हणतो, पण रानातला ससा वेगळा, बोरच्या जंगलातला असो की बांधावरचा. त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याची पिल्लं उघड्यावर एकटी दिसतात, कारण आई फक्त पाजायला येते, तीही अंधारात. ती अनाथ नसतात.

यंदा लक्ष्मीपूजनाला आम्ही पिंजऱ्यांवर गोधडी टाकून ते घराच्या मधल्या खोलीत आणणार आहोत. फटाक्यांच्या आवाजाने ससा खाणं सोडतो, आणि त्याने अर्धा दिवस खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर उजाडायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा असतो. नंबर भिंतीवर लिहून ठेवला आहे. गोधडीआड ससा जाळीला टेकून बसतो, आणि पलीकडे दोघी कोथिंबिरीच्या काडीवरून कुईं-कुईं करत भांडत असतात.