उत्तर सांगू नका, व्हिडिओ थांबवा!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

तुमच्यातले काही जण डीएड-बीएड करताय, काही क्लास घेताय, काही घरी धाकट्या भावंडांना शिकवताय. त्यामुळे आजचा विषय कामाचा आहे: धड्याची गोडी लागावी म्हणून छोटा व्हिडिओ कसा करायचा?

आधी माझी फजिती सांगतो. मी आठवीला विज्ञान शिकवतो. आर्किमिडीजच्या तत्त्वावर मी सात मिनिटांचा व्हिडिओ केला. दोन रात्री जागून एडिटिंग, मागे म्युझिक, रंगीत अक्षरं, सगळं! वर्गात लावला. "कळलं का?" विचारलं, तर अख्खा वर्ग एका सुरात, "हो सर!" दुसऱ्या दिवशी साधा प्रश्न टाकला. लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडाचं जहाज का तरंगतं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलांचा राग नाही आला, स्वतःचाच आला.

नंतर डेरेक मुलर यांचं काम वाचनात आलं. 'व्हेरिटासियम' चॅनेल चालवणारे तेच. त्यांनी सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवरच पीएचडी केली, २००८ साली. त्यांना काय दिसलं? सरळ, स्वच्छ समजावणारा व्हिडिओ मुलांना आवडतो, सोपा वाटतो, पण त्यातून ती फारसं शिकत नाहीत. कारण डोक्यात आधीपासून एक चुकीची समजूत बसलेली असते आणि व्हिडिओ तेच सांगतोय असं त्यांना वाटतं. याउलट, ती चुकीची समजूतच आधी समोर आणली, तर मुलं गोंधळतात, पण जास्त शिकतात.

म्हणजे माझा व्हिडिओ वाईट नव्हता. त्यात फक्त उत्तरं होती, प्रश्नच नव्हता.

मग दुसरा व्हिडिओ केला. काचेचा ग्लास, पाणी, वर तरंगणारा बर्फाचा मोठा खडा. पाणी अगदी काठापर्यंत. मी एवढंच विचारलं, "बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल, कमी होईल, की तेवढंच राहील?" आणि व्हिडिओ तिथेच संपवला. चाळीस सेकंद. प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचं, शेजारच्याचं न बघता. बहुतेकांनी लिहिलं, सांडेल. मग वर्गात भांडण पेटलं, चांगल्या अर्थाने!

बर्फ वितळायला वेळ लागतो, आपला तास मात्र पस्तीस-चाळीस मिनिटांचा. इथे मोबाईलचा टाइमलॅप्स कामी येतो. पाऊण तासाचं वितळणं वीस सेकंदात दिसतं. पण तो दुसरा भाग लावला आणि पोरं ओरडली, "सर, सांडलं की!" झालं काय, हवेतली वाफ थंड ग्लासवर जमली आणि बाहेरून पाणी ओघळलं. मुलांचं काही चुकलं नव्हतं, माझा प्रयोगच फसवा होता. पुन्हा शूट केलं. या वेळी ग्लास काठापर्यंत न भरता पातळीवर मार्करची रेघ मारली. बर्फ वितळला, पाणी बरोबर रेघेवरच.

का? तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. वितळला की त्याचं तेवढ्याच वजनाचं पाणी होतं आणि ते नेमकी तेवढीच जागा भरतं. हे फळ्यावर लिहायला मला दोन मिनिटं लागली, कारण आता त्यांना ते हवं होतं.

आणि मग एका मुलीने विचारलं, "सर, मग बर्फ वितळून समुद्र वाढेल, मुंबईत पाणी शिरेल म्हणतात, ते खोटं का?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. म्हटलं, "तूच व्हिडिओ कर." दुसऱ्या दिवशी त्यांच्या गटाने पसरट भांड्यात पाण्याबाहेर डोकावणारा दगड ठेवला, दगडावर बर्फ. वितळला, तशी पाण्याची पातळी रेघेच्या वर गेली. समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाने पातळी जवळजवळ बदलत नाही. ग्रीनलंड, अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ मात्र ती वाढवतो. शिवाय समुद्राचं पाणी तापून प्रसरण पावतं, ते वेगळंच.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. एक, मुलांची चुकीची समजूत आधी शोधा, मग कॅमेरा काढा. दोन, व्हिडिओ मिनिटभराच्या आत, प्रश्नावर थांबवा. उत्तराचा भाग वेगळा ठेवा आणि अंदाज लिहून झाल्याशिवाय लावू नका. तीन, खिडकीचा उजेड बाजूने घ्या, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा, आडवा धरा आणि एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येतो. चार, व्हिडिओ वर्गातच दाखवा. घरी प्रत्येकाकडे मोबाईल असतोच असं नाही.

एडिटिंग नाही जमलं तरी चालेल. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे किती साधे, छोटे व्हिडिओ केलेत ते बघा. हात, वस्तू आणि गंमत, बस्स.

माझा तो सात मिनिटांचा व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. डिलीट नाही केला. नवीन काही करायला बसलो की आधी तोच बघतो.

चला, पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत एक ग्लास भरा आणि रेघ मारायला विसरू नका!